आठव्या भागात ती हसते

आमच्या सोसायटीत माझ्या पाठीमागे मला सेन्सॉर बोर्ड म्हणतात. तोंडावर काकू, वहिनी. पाठ वळली की सेन्सॉर बोर्ड. म्हणू देत, माझ्या अंगाला काही भोकं पडत नाहीत. मी घरी बसून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, शिकवण्यांच्या प्रश्नपत्रिका, कुणा निवृत्त साहेबांचं आत्मचरित्र, असलं काय काय. दुपारी घरी असते, एवढाच माझा गुन्हा.

ठाकुर्लीत आमच्या दोन बिल्डिंगी समोरासमोर आहेत. मधे एक गल्ली आणि पार्किंगची एक रांग. दोन्हीकडच्या पालकांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे एकदा एकीने विचारलेलं, "ही नवी रोमँटिक कॉमेडी आलीय ना, ती आठवीच्या मुलीला चालेल का हो?" सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि उत्तर कोणीच दिलं नाही. मला असली गुळमुळीत माणसं सहन होत नाहीत. मी ती सीरिज अख्खी बघितली आणि ग्रुपवर दोन ओळींची चिठ्ठी टाकली. झालं! तेव्हापासून मुलामुलींच्या प्रेमाची जी काही नवी सीरिज येईल ती पहिली माझ्या दारात.

माझी पद्धत ठरलेली होती. दुपारी मेथी निवडायला घ्यायची, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवायचा आणि दीडपट स्पीडवर बघायचं. बाजूला पाठकोरा कागद. पाप्या किती, शिव्या किती, दारू आहे का, खोलीचं दार लागतं तेव्हा कॅमेरा बाहेर थांबतो की आत जातो. शेवटी निकाल. चालेल, सोबत बसून चालेल, किंवा नको. माझ्या निकालावर दोन बिल्डिंगींमधली तीसेक घरं चालायची. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

आणि प्रेमाबिमाचं मला वावडं नव्हतं. आमचंही प्रेमलग्नच. नवरा डोंबिवलीतल्या टायपिंग क्लासपासून माझ्या मागे लागलेला. तब्बल सहा महिने. संध्याकाळी क्लास सुटला की मी पुढे आणि हा मागे, बरोब्बर वीस पावलं. "ना एकोणीस, ना एकवीस!" हे मी इतक्या बारशांत आणि इतक्या साखरपुड्यांत सांगितलंय की नातेवाईक आता माझ्याआधी म्हणतात. आमची मुलगी लहान असताना झोपताना हीच गोष्ट मागायची. वीस पावलं आली की खुदकन हसायची, मग डोळे मिटायची.

तर ती आरशाची सीरिज. गणपतीनंतर कधीतरी आली. आठ भाग. एक मुलगा, एक मुलगी, समोरासमोर राहणारे. मुलगा आपल्या खिडकीतून आरशाने उन्हाचा कवडसा मुलीच्या भिंतीवर पाडतो. ती चिडते, खिडकी लावते, पडदा बदलते, त्याच्या आईकडे तक्रार करते, एकदा तर रडतेसुद्धा. दर वेळी मागे हसण्याचा आवाज. आठव्या भागात एक दिवस कवडसा येत नाही, तेव्हा ती बेचैन होऊन भिंतीकडे बघत बसते, मग हसते आणि स्वतःच हातात आरसा घेते. संपलं. माझ्या कागदावर दोन पाप्या, दोन्ही गालावर, आणि एक शिवी, तीही रिक्षावाल्याला. ग्रुपवर मी लिहिलं: "स्वच्छ आहे. मुलगा मुलीच्या मागे लागतो, पण गोड आहे. चालेल."

समोरच्या बिल्डिंगीतल्या एका बाईने लगेच हार्ट टाकलं. तिचाही मुलगा दहावीत, माझीही मुलगी दहावीत. "थँक यू हो, आमचा कधीपासून मागे लागलाय बघू दे म्हणून," असं तिने लिहिलं. बघा, तिथेही मागे लागणंच.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आमच्या घरातल्या वस्तू हलायला लागल्या. मुलीचं टेबल हॉलच्या खिडकीजवळ असायचं. सातवीपासून ती तिथेच बसायची. एक दिवस बघते तर टेबल आतल्या भिंतीला. मी म्हटलं, "अगं, उजेड नको का?" म्हणाली, "डोळे दुखतात." मग तिचे कपडे गॅलरीतल्या दोरीवर दिसेनासे झाले. बाथरूममध्ये, दाराच्या कडीवर, ओले. मी ओरडले, वास येईल म्हणून. तिने ऐकून घेतलं, पण कपडे आतच वाळत राहिले. नंतर टेबलही सुटलं. चारला शाळेतून आली की ती स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसायची, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून. ओठ हलत असायचे. मला वाटायचं, पाठांतर चाललंय. प्रिलिम जवळ आलेली, म्हटलं बसू दे कुठे बसायचं ते.

एकदा तिने सांगितलं होतं मला. हे मी लपवणार नाही. चहा ओतत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, कोणीतरी समोरून आरसा मारतं. रोज." मी काय केलं? मी हसले. मान तिरकी करून म्हटलं, "अय्या, आमच्या बाईसाहेबांच्या मागे लागलंय वाटतं कोणीतरी! गोड आहे की." तिने माझ्याकडे बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. चहाचा कप तसाच ठेवून फ्रिजमागे जाऊन बसली आणि त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. पुढे पुढे कुठल्याच विषयावर फारसं बोलेना. घरात माझी मुलगी होती आणि नव्हतीही. रात्री नवरा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटून घरी येईपर्यंत ती झोपलेली असायची, त्यामुळे त्याला काही कळायचा प्रश्नच नव्हता. मी स्वतःला सांगत राहिले, वय आहे, होतं असं.

मग तो गुरुवार आला. शाळेत जादा तास होता, ती पाचच्या आत येणार नव्हती. मी हॉलमध्ये सोफ्यावर मेथी घेऊन बसलेले. मोबाइलवर नवीनच काहीतरी लावलेलं. पंखा बंद. चार वाजले आणि भिंतीवर ऊन आलं.

आमचं घर पूर्वेला तोंड करून आहे. ऊन येतं ते सकाळी, अकरापर्यंत निघून जातं. चार वाजता आमच्या हॉलमध्ये ऊन यायचं काही कारणच नाही. तरी होतं. आमटीच्या वाटीएवढं, गोल, पिवळंधमक, आणि थरथरत होतं. बाहेर गल्लीत नेहमीचा भंगारवाला ओरडत होता, वरच्या मजल्यावर कोणीतरी मिक्सर लावलेला. मी हातातली काडी तशीच धरून बघत राहिले.

ते कॅलेंडरवर गेलं. तिथून बटणांच्या बोर्डावर. मग खिडकीजवळच्या मोकळ्या जागेवर, जिथे तिचं टेबल असायचं, तिथे येऊन थांबलं. चांगलं मिनिटभर थांबलं. मग फरशीवर उतरलं आणि हळूहळू पुढे यायला लागलं. अंधारात चष्मा शोधताना आपण हात फिरवतो तसं ते सगळीकडे फिरत होतं. आतल्या भिंतीवरचं टेबल बघून आलं. खुर्ची बघून आलं. सोफ्याच्या पहिल्या गादीवर चढलं, दुसऱ्या गादीवर आलं, मग माझ्या मांडीवर. माझ्या हातांवर. ऊब लागली मला. खरंच लागली. मी हलू शकले नाही. ते वर चढलं, पोटावरून, गळ्यावरून, हनुवटीवर आलं, डोळ्यांत गेलं, सगळं पांढरं झालं. आणि पटकन निघून गेलं. मी ती नव्हते, हे त्याला कळलं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. लहानपणी आई दिवेलागणीला बजावायची, "विहिरीकडच्या वाटेने येऊ नकोस गं, काहीतरी मागे लागेल." काय लागेल ते ती कधी सांगायची नाही. नुसतं काहीतरी. मी पळत यायचे, मागे न बघता. शब्द तोच होता. मागे लागेल. तोच शब्द मी तीस घरांना लिहून दिलेला, वर "गोड" असा शिक्का मारून. टेबल, ओले कपडे, फ्रिजमागची फट, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. गावाला शहाणपण शिकवत सुटलेले मी, आणि माझ्याच दिव्याखाली अंधार!

उठून अर्धवट ओढलेला पडदा सरकवला. समोर सातव्या मजल्यावर, अगदी वरच्या टोकाच्या खिडकीत, उन्हाचा एक तुकडा लखकन चमकला आणि विझला. ते घर मला माहीत होतं. मला हार्ट टाकणाऱ्या बाईचंच ते. मी हात पुसले, चपला अडकवल्या आणि गेले.

दार मुलानेच उघडलं. शाळेची पँट, वर घरातला टीशर्ट. मिसरूड फुटायला लागलेलं, आवाज चिरका.

"काकू, आई नाहीये. ठाण्याहून सहाला येते."

"मला तुझ्याशीच बोलायचंय."

"या ना. पाणी देऊ?"

पाणी देऊ! मी तिथे त्याच्या कानाखाली वाजवायच्या तयारीने गेलेले, आणि हा पाण्याचा ग्लास घेऊन उभा. खिडकीजवळच्या टेबलावर दाढीचा जुना आरसा होता, कडेला टवका उडालेला. उन्हात पडलेला होता म्हणून छतावर तोच वाटीएवढा गोल हलत होता.

मी खिडकीशी गेले आणि खाली बघितलं. माझं घर. आपलं घर असं बाहेरून मी कधी बघितलंच नव्हतं. सोफा, सोफ्यावरची मेथीची परात, कॅलेंडर, आतली भिंत, स्वयंपाकघराची चौकट आणि चौकटीतून फ्रिजची कड. टेबल कुठेही हलवलं असतं तरी इथून दिसलंच असतं. न दिसणारी जागा एकच होती, फ्रिजमागची. ती तिने शोधून काढलेली. स्वतःच्या घरात. किती दिवस लागले असतील, कुठे कुठे बसून बघितलं असेल पोरीने!

"हे का करतोस?" मी विचारलं.

तो लाजला. खोटं नाही सांगत, लाजला. "काकू, ते त्या सीरिजमध्ये आहे ना. तुम्हीच लिहिलेलं, गोड आहे म्हणून. आईने वाचून दाखवलं मला."

"अरे, ती घाबरते."

"हो, म्हणजे, सुरुवातीला घाबरतेच ती."

"कोण?"

"सीरिजमधली."

"मी माझ्या मुलीबद्दल बोलतेय! ती खिडकीत बसत नाही. तिने टेबल हलवलं."

"दुसऱ्या भागात हलवते," तो म्हणाला. अगदी शांतपणे, मला समजावून सांगितल्यासारखा. "मग पडदा बदलते. मग तक्रार होते. म्हणजे कोणीतरी मोठं येतं घरी." तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला. "म्हणजे आज सातवा झाला, काकू. आठव्यात ती हसते."

त्याने दिलेला ग्लास मी तसाच टेबलावर ठेवला. मी काहीही बोलले असते तरी ते त्या सीरिजमध्ये होतंच. नाही म्हटलं तरी होतं, रडलं तरी होतं, त्याची आई ओरडली असती तर तेही होतं. माझी मुलगी महिनाभर जे जे करत होती ते सगळं त्या पोराला उत्तर वाटत होतं. आणि मला त्याचा राग यावा तसा येईना. हा काही गुंड नव्हता. परीक्षेला बसावा तसा बसलेला बिचारा, मी दिलेलं पुस्तक पाठ करून.

"आठवा भाग नाही होणार," मी म्हटलं.

"पण..."

"ती हसणार नाही. कधीच नाही. ती लपून बसते रे, फ्रिजच्या मागे, अंग चोरून. तिथे मागे कोणी हसत नाही. मी चुकीचं लिहिलेलं. ते गोड नाहीये. आरसा पालथा घाल."

त्याने लगेच घातला नाही. छतावरचा गोल हलत राहिला. मग त्याने आरसा उचलून पालथा ठेवला, छत एकदम फिकट झालं, आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग बोलायचं कसं, काकू?" इतक्या सीरिज बघितल्या, एवढ्या पाप्या मोजल्या, आणि मुलीशी नीट बोलायला जाणारा मुलगा कुठल्या भागात होता, हे मला आठवेना.

सहाला त्याच्या आईशी बोलले. आधी ती माझ्या अंगावर आली, मग रडली, मग पुन्हा अंगावर आली. ते चालायचंच. रात्री जेवणं झाल्यावर मी ग्रुपवर चिठ्ठी टाकली: "आरशाच्या सीरिजचा माझा निकाल चुकला. मुलगा मुलीचा पाठलाग करतो. तिला भीती वाटते, तिथे आपल्याला हसवलं जातं. नुसतं काय दाखवलंय ते मोजू नका. मुलांसोबत बसा आणि विचारा, तुला कुठे हसू आलं नाही?" कोणी अंगठा दाखवला. एका गृहस्थांनी लिहिलं, "अहो वहिनी, कॉमेडी आहे ती, एवढं काय!" मी उत्तर दिलं नाही. माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं, पण नाही दिलं.

त्या रात्री मी मुलीला सगळं सांगितलं. माफीही मागितली. ती "बरं" म्हणाली. एवढंच. दुसऱ्या दिवशी चारला कवडसा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती मात्र फ्रिजमागेच बसत राहिली. मी हॉलमध्ये बसून रिकाम्या भिंतीकडे बघायचे आणि ती भिंत मला आधीपेक्षा भयाण वाटायची. तो गेला होता, पण माझी मुलगी परत आली नव्हती.

रविवारी सकाळी नवरा घरी होता. पोहे केलेले. ती फ्रिजमागून उठून आमच्यात येऊन बसली, पण गप्प. नवऱ्याला मी एव्हाना सगळं सांगितलेलं, आणि तो बिचारा आपल्या परीने वातावरण हलकं करायला गेला. "आमच्या वेळी असले आरसेबिरसे नव्हते हां," तो म्हणाला, "आम्ही सरळ चालायचो. वीस पावलं मागे. ना एकोणीस..." आणि सवयीने माझ्याकडे बघून थांबला, पुढचं मी म्हणावं म्हणून.

मुलीने वर बघितलं. "बाबा, तुला माहीत होतं वीस आहेत ते?"

"मला कुठलं माहीत? मी काय मोजतोय! ही सांगते."

"मग आई," ती म्हणाली, "तुला कसं माहीत? तू तर पुढे होतीस."

मी तोंड उघडलं. नेहमीचं काहीतरी चुरचुरीत बोलणार होते. पण पंचवीस वर्षं ती गोष्ट सांगत आलेले आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही विचारला नव्हता. माझी तर त्याच्याकडे पाठ असायची. मला एकदम ती गल्ली आठवली, बंद रॉकेलचं दुकान आठवलं, मागून येणारा बुटांचा आवाज आठवला. माझ्या पायाखाली वाजलेलं गटाराचं झाकण त्याच्या बुटाखाली वाजेपर्यंत मी पावलं मोजत जायचे. दोनदा तर मी आमच्या बिल्डिंगीवरून सरळ पुढे निघून गेलेले, घर कुठलं ते कळू नये म्हणून, आणि कोणाच्यातरी जिन्यात अंधारात उभी राहिलेले, तो आवाज जाईपर्यंत. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पुढे तो चांगला निघाला, लग्न झालं, आणि त्या गोष्टीतलं जे हसण्यासारखं होतं तेवढंच मी ठेवून घेतलं.

"मोजायचे," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज. वीसची पंधरा झाली तर पळायचं, असं ठरवलेलं."

नवऱ्याने पोह्यांची बशी खाली ठेवली.

मुलगी सरकत सरकत माझ्याजवळ आली, कितीतरी दिवसांनी, आणि माझ्या दंडाला टेकून म्हणाली, "मी पण मोजायचे गं आई. फ्रिजमागे बसून. तो कवडसा जाईपर्यंत."